ओळख पटते कशी? : प्रतिकारशक्तीविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात पांढऱ्या पेशींविषयी एक छोटे उत्तर दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे निवडून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. मजकूर आटोपशीर केला असून नावे गाळली आहेत. बहुतेक पत्रांत ‘सैनिक’, ‘शत्रू’, ‘किल्ला’ हे शब्द आले आहेत. हे शब्द मलाही पूर्णपणे टाळता येणार नाहीत. पण शरीराच्या दृष्टीने जंतूला मारणे हा त्यातला सोपा भाग आहे आणि कोणाला मारायचे हे ओळखणे अवघड, हे उत्तरे वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रश्न : बागेत काम करताना बोटात काटा मोडला. सुईने काढला, तरी दुसऱ्या दिवशी बोट लाल होऊन ठणकू लागले, तिसऱ्या दिवशी त्यात पू धरला आणि काखेत अवधाण आले. शेजारच्या ताई म्हणाल्या, ‘विष वर चढले.’ बोटातले जंतू काखेपर्यंत पोचले, असा याचा अर्थ घ्यायचा का?

उत्तर : ‘विष चढले’ यापेक्षा ‘वर्दी पोचली’ असे म्हणणे अधिक बरोबर होईल. काट्याबरोबर त्वचेवरचे आणि मातीतले जिवाणू आत ढकलले गेले, तेव्हा त्यांची गाठ सर्वप्रथम पडली ती मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींशी. या पेशी त्वचेखाली कायमच्या मुक्कामाला असतात. त्यांच्या अंगावरचे ग्राही रेणू आलेला जंतू नेमका कोणता याची चौकशी करत बसत नाहीत. जिवाणूंच्या आवरणात हटकून सापडणारे आणि माणसाच्या कोणत्याही पेशीत कधीच न बनणारे काही मोजके पदार्थ तेवढे ते हेरतात. अंगावरच्या कापडावरूनच परका ओळखावा आणि चेहरा पाहण्याची गरजच पडू नये, तसे हे आहे. अशी काही व्यवस्था असलीच पाहिजे, असा तर्क चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडला होता. पुढे १९९६ मध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला फळमाशीत आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाला उंदरांत तिचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

परका हेरला गेला की मॅक्रोफेज रासायनिक संदेश सोडतात. त्यांमुळे आसपासच्या केशवाहिन्या रुंदावतात, म्हणून बोट लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल होऊन रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, म्हणून ते सुजते. मज्जातंतूंची टोके हळवी होतात, म्हणून ठणका लागतो. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक केल्सस यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नोंदवून ठेवली आहेत. ती मुख्यतः आपल्याच शरीराने घडवून आणलेली असतात, हे कळायला मात्र पुढे कित्येक शतके जावी लागली.

सैल झालेल्या या भिंतींतूनच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. रक्ताच्या वेगात वाहत आलेली पेशी आधी भिंतीला हलकेच चिकटते, भिंतीवरून घरंगळत मंदावते, थांबते आणि मग दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून पलीकडे उतरते. तिथे ती जिवाणू गिळते, त्यांना मारते आणि बहुधा स्वतःही मरते. तुमच्या बोटातला पू म्हणजे प्रामुख्याने या मेलेल्या पेशींचा खच होय. त्यांचे आयुष्य मुळातच तोकडे असते. म्हणून निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेला रोज १०० अब्जांच्या घरात नवे न्यूट्रोफिल तयार करावे लागतात.

काट्याचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. इल्या मेचनिकोव या रशियन प्राणिशास्त्रज्ञांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा खुपसून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात, असे तेव्हाचे पुष्कळ जाणकार मानत असत. त्या जंतूंना खातात, असे म्हणण्याचे धाडस मेचनिकोव यांनी केले, आणि १९०८ मध्ये त्यांना पाउल एर्लिख यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आता काखेकडे वळू. बोटात न्यूट्रोफिलांची धामधूम चाललेली असताना डेंड्रायटिक पेशी, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटलेल्या पेशी, जंतूंचे तुकडे उचलून लसिकावाहिनीने, म्हणजे पेशींभोवतालचा द्रव (लसिका) वाहून नेणाऱ्या नळीने, जवळच्या लसिका ग्रंथीकडे निघतात. (राल्फ स्टाइनमन यांनी या पेशी १९७३ मध्ये प्रथम वेगळ्या ओळखल्या. २०११ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले तेव्हा त्यांच्या निधनाला तीन दिवस झालेले होते आणि निवड समितीला त्याची वार्ताही नव्हती. पारितोषिक मात्र कायम ठेवण्यात आले.) हाताकडून येणाऱ्या लसिकेची वाट काखेतल्या ग्रंथींतून जाते. तिथे आलेला तुकडा तिथल्या असंख्य लिम्फोसाइट पेशींना दाखवला जातो. (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीच; पुढे येणाऱ्या बी-पेशी आणि टी-पेशी या त्यांच्या दोन जाती.) हे दाखवणे चालू असताना ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या पेशींची वाट काही काळ रोखली जाते, आत येणाऱ्यांची रीघ वाढते आणि ज्या पेशींना तो तुकडा जुळतो त्या भराभर विभागू लागतात. ग्रंथी फुगते आणि हाताला गाठ लागते. लसिकेबरोबर थोडेफार जंतूही तिथवर येऊ शकतात; त्यांना गाळून अडवणे हेही ग्रंथीचेच काम आहे.

बोटाची जखम बरी झाली की असे अवधाण हळूहळू ओसरते. मात्र बोटापासून वर जाणारी लाल रेघ दिसली, हुडहुडी भरून ताप आला किंवा सूज पसरत गेली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तसेच कोणतीही गाठ न दुखता, टणक होत, आठवडे उलटले तरी वाढतच असेल, तर तिला अवधाण समजून स्वस्थ बसू नये. मातीतल्या काट्याच्या जखमेनंतर धनुर्वाताच्या लशीची शेवटची मात्रा कधी घेतली होती, तेही एकदा पाहून घ्यावे.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रतिपिंडांचा धडा चालू असताना एका मुलीने विचारले, ‘बाई, जो जंतू शरीराने कधी पाहिलाच नाही, त्याला बरोबर बसेल असा प्रतिपिंड शरीर बनवते तरी कसे? आधी माप घेते का?’ मला तिचे समाधान करता आले नाही.

उत्तर : त्या मुलीचे माझ्याकडूनही कौतुक करा. शरीर माप घेत असावे, असेच १९४० मध्ये लायनस पॉलिंग यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञांनाही वाटत होते. प्रतिपिंडाचा, म्हणजे जंतूला पकडणाऱ्या प्रथिनाचा, मऊ धागा प्रतिजनाभोवती (जंतूच्या ज्या भागाला तो चिकटतो त्याभोवती) गुंडाळला जातो आणि त्याचा आकार घेऊन घट्ट होतो, अशी त्यांची उपपत्ती होती. ती दिसायला सुबक होती, पण चुकीची निघाली.

खरा प्रकार शिंप्यापेक्षा तयार कपड्यांच्या कोठाराशी अधिक जुळतो. शरीर कोणाचेही माप न घेता, गिऱ्हाईक येण्याच्या कितीतरी आधीपासून, अंदाधुंद मापांचे कपडे शिवून ठेवते. प्रतिपिंड बनवतात त्या बी-पेशी. प्रत्येक बी-पेशी अस्थिमज्जेत जन्माला येतानाच आपला एक ग्राही रेणू (प्रतिपिंड हे त्याचेच सुटे रूप) ठरवून येते, आणि तो बहुतेक वेळा तिच्याआधीच्या पेशीपेक्षा वेगळा असतो. पुढे जंतू आला की ज्या पेशीचा ग्राही त्याला योगायोगाने बसतो, तेवढीच निवडली जाते आणि वाढते. ही उपपत्ती फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली.

तुमची विद्यार्थिनी यावर पुढचा प्रश्न विचारीलच : माणसाची एकंदर जनुके २० हजारांच्या आसपास, मग अब्जावधी वेगवेगळे ग्राही बनवण्याची कृती लिहिली आहे कुठे? तिला बाराखडीचे उदाहरण द्या. प्रत्येक अक्षरासाठी वेगळे चिन्ह न ठेवता आपण मोजकी व्यंजने आणि मोजक्या मात्रा यांच्या जोडणीतून शेकडो अक्षरे लिहितो. ग्राही दोन प्रकारच्या साखळ्यांचा बनतो, एक जड आणि एक हलकी. त्यांतल्या जड साखळीसाठीही जनुकांचे सुट्टे तुकडे असतात : एका प्रकारचे सुमारे ४०, दुसऱ्या प्रकारचे २० हून थोडे अधिक आणि तिसऱ्या प्रकारचे ६. प्रत्येक पेशी यांतला एकेक उचलून जोडते, म्हणजे पाच हजारांच्या आसपास जोडण्या झाल्या. हलकी साखळी अशाच रीतीने तीनशेएक प्रकारांनी बनते. जड आणि हलकी यांच्या जोड्या लावल्या की संख्या १५-१६ लाखांवर जाते. एवढ्यावर हे थांबत नाही. तुकडे जोडताना सांध्यावर काही अक्षरे गळतात, काही फुकटची घुसतात; एरवी जी चूक ठरावी ती इथे मुद्दाम होऊ दिली जाते, आणि शक्य असणाऱ्या ग्राहींची संख्या अब्जांच्याही पलीकडे जाते. पेशी स्वतःच्या जनुकांची अशी काटछाट करते, हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, तोवर अशा कल्पनेवर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. या कामासाठी त्यांना १९८७ चे नोबेल मिळाले.

या पद्धतीची किंमत वेळेत मोजावी लागते. कोठार अफाट असल्यामुळे एका विशिष्ट जंतूला जुळणाऱ्या पेशी फारच थोड्या असतात. टी-पेशींपुरते बोलायचे तर एखाद्या तुकड्याला जुळणारी पेशी लाखात एक किंवा दहा लाखांत एक. ती आधी सापडावी लागते आणि मग तिची फौज उभी राहावी लागते. एक पेशी दर वेळी दुप्पट होत गेली, तर दहा वेळा विभागल्यावर हजारावर आणि वीस वेळा विभागल्यावर दहा लाखांवर जाते. दिवसाला दोन-तीन विभाजने धरली, तर आठवडाभर लागणार हे उघड आहे. पहिल्यांदा होणाऱ्या आजारात पहिले पाच-सात दिवस वाईट जातात आणि त्यानंतर उतार पडू लागतो, त्यामागचे एक मोठे कारण हे आहे.

दोन गोष्टी तिला आणखी सांगता येतील. बी-पेशी जंतूला जुळली म्हणून लगेच कामाला लागत नाही. बहुतेक वेळा तिला साहाय्यक टी-पेशीची मान्यता लागते, आणि त्या टी-पेशीला डेंड्रायटिक पेशीने ‘खरोखरच धोका आहे’ अशी खूण दिलेली असावी लागते. ही दुहेरी-तिहेरी खातरजमा वेळखाऊ आहे, पण ती नसती तर अंगाला लागलेल्या प्रत्येक निरुपद्रवी कणावर शरीर तुटून पडले असते. दुसरी गोष्ट टी-पेशींच्या नजरेची. प्रतिपिंड मोकळ्या फिरणाऱ्या जंतूला पकडतो, पण विषाणू एकदा पेशीच्या आत शिरला की प्रतिपिंडाचा हात तिथे पोचत नाही. म्हणून आपली प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजते आहे त्याचे नमुने सतत पृष्ठभागावर मांडून ठेवते आणि मारक टी-पेशी ते तपासत फिरतात. नमुन्यात विषाणूचा तुकडा दिसला, तर ती पेशीच नष्ट केली जाते. टी-पेशी परका तुकडा सुटा ओळखत नाहीत, आपल्या स्वतःच्या ‘मांडणी’वर ठेवलेला असेल तरच ओळखतात, हे पीटर डोहर्टी आणि रोल्फ त्सिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये दाखवले.

प्रश्न : गोवर जन्मात एकदाच होतो, पण पडसे वर्षातून चार वेळा. प्रतिकारशक्तीची आठवण एका आजारापुरती पक्की आणि दुसऱ्यापुरती कच्ची, असे का?

उत्तर : गोवराच्या आठवणीचा सर्वांत देखणा पुरावा उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांवरचा आहे. तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षे गोवर त्या बेटांकडे फिरकला नाही. १८४६ मध्ये तो परत आला तेव्हा पीटर पानुम हे तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गेले. सात-आठ हजारांच्या वस्तीतले सुमारे सहा हजार लोक आजारी पडले होते; पण १७८१ मध्ये लहानपणी ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाल्याचे पानुम यांना आढळले नाही. अधल्यामधल्या ६५ वर्षांत त्या वृद्धांची विषाणूशी उजळणीसुद्धा झालेली नव्हती.

पडशाच्या बाबतीत आठवण कच्ची असते असे नव्हे. येणारा पाहुणा दर वेळी वेगळा असतो. पडसे आणणाऱ्या राइनोविषाणूचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत, शिवाय पडशाची लक्षणे घडवणारी विषाणूंची इतरही कुळे आहेत. इन्फ्लुएन्झाचा विषाणू एकच असला तरी आपले बाह्य प्रथिन सतत बदलत राहतो, त्यामुळे गेल्या खेपेचे प्रतिपिंड या खेपेला सैल बसतात आणि लसही वरचेवर बदलावी लागते. याउलट गोवराच्या विषाणूला आपल्या बाह्य प्रथिनांत फारसा बदल परवडत नाही, कारण तो केला तर त्याला पेशीत शिरताच येत नाही. १९५४ मध्ये एका मुलापासून वेगळ्या केलेल्या विषाणूवरून तयार झालेली लस म्हणूनच आजही काम देते.

याखेरीज वेळेचाही मुद्दा आहे, आणि तो सहसा सांगितला जात नाही. गोवराचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दहा-बारा दिवस जातात. तेवढ्या अवधीत जुन्या स्मृतिपेशी, म्हणजे पहिल्या खेपेला जुळलेल्या पेशींपैकी मागे उरलेल्या पेशी, जाग्या होऊन प्रतिपिंड तयार करू शकतात आणि आजार उमटण्याआधीच विझतो. पडसे मात्र दोन-तीन दिवसांत नाक वाहू लावते. तिथे झोपलेली आठवण जागी होईपर्यंत कार्यक्रम अर्धा आटोपलेला असतो.

धनुर्वाताचा प्रकार तर याहून विलक्षण आहे. त्या रोगातून वाचलेल्या माणसालाही पुढे संरक्षण मिळत नाही, कारण प्राणघातक ठरणारी विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की प्रतिकारयंत्रणेला तिची धड नोंदही घेता येत नाही. त्या रुग्णाला बरे झाल्यावर लस द्यावीच लागते.

आणि गोवराविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. स्वतःची आठवण इतकी पक्की ठेवणारा हा रोग इतर रोगांची आठवण मात्र पुसून टाकतो, कारण त्याचा विषाणू स्मृतिपेशींनाच गाठतो. लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या, गोवर होण्याआधीच्या आणि नंतरच्या रक्ताची तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या मुलांनी आधी कमावलेल्या प्रतिपिंडांच्या विविधतेपैकी ११ ते ७३ टक्के हिस्सा गमावलेला होता. ‘गोवर एकदा होऊन गेलेला बरा’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ बाळगावा.

प्रश्न : ताप हा प्रतिकारशक्तीचाच भाग असेल, तर तो औषधाने उतरवणे चूक नाही का?

उत्तर : ताप जंतू आणत नाहीत, शरीर चढवते, हे खरे आहे. भक्षक पेशींचे संदेश रक्तावाटे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रापर्यंत पोचतात, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होते आणि शरीराने गाठायचे तापमानच वर सरकवले जाते. नवे लक्ष्य गाठेपर्यंत आपल्याला थंडी वाजते, अंग कापते. ताप उतरताना घाम फुटतो. पॅरासिटॅमॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करते, जंतूंना काही करत नाही.

तापाचा उपयोग होतो का, हे १९७५ मध्ये वाळवंटी इग्वाना या सरड्यांवर तपासले गेले. सरडा स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. आजारी पडला की तो आपणहून जास्त गरम जागी जाऊन बसतो. जिवाणू टोचलेल्या सरड्यांपैकी काहींना ४२ अंश सेल्सिअसच्या उबेत आणि काहींना ३४ अंशांत कोंडून ठेवले, तेव्हा उबेतले बहुतेक जगले आणि गारव्यातले मेले. माणूस हा सरडा नव्हे, हे ध्यानात ठेवूनही, अंग किंचित तापले की लगेच गोळी घेण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. पण तापामुळे रुग्ण पाणी पीत नसेल, झोपत नसेल, तळमळत असेल, तर गोळी देणे योग्यच. तान्ह्या बाळाचा, गरोदर स्त्रीचा आणि हृदयाच्या रुग्णाचा ताप हा वेगळा विषय आहे. तिथे डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : प्रतिकारशक्ती वाढवणारी इतकी टॉनिके मिळतात. त्यांतले कोणते घ्यावे?

उत्तर : वरची उत्तरे वाचलेल्यांनी विक्रेत्याला आधी विचारावे, ‘नेमके काय वाढेल? न्यूट्रोफिल, प्रतिपिंड की ताप?’ टाकीतल्या पाण्यासारखी मोजता येईल अशी एकच शक्ती शरीरात नसते. कुपोषण, अ जीवनसत्त्वाची किंवा जस्ताची उणीव, अपुरी झोप यांनी ही यंत्रणा लंगडी पडते आणि उणीव भरून काढली की सावरते. ज्याला उणीव नाही त्याला जास्तीचा डोस देऊन ती आणखी चपळ होत नाही. शिवाय ती सरसकट वाढलेली कोणाला हवी असेल, याची मला शंका आहे. परागकणांवर तुटून पडणारी, शिंकांनी बेजार करणारी ॲलर्जी ही वाढीव प्रतिकाराचीच तऱ्हा आहे, आणि पुढचे पत्र तिच्याहून गंभीर तऱ्हेविषयी आहे. एखाद्या रोगाविरुद्धची नेमकी ओळख वाढवायची असेल, तर त्यासाठी लस आहे.

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला आमवात झाला आहे. डॉक्टर म्हणतात, तिचीच प्रतिकारशक्ती तिच्या सांध्यांवर उलटली आहे, आणि ती दाबण्याची औषधे देतात. शरीर स्वतःलाच परके कसे मानू लागते? आणि ती शक्ती दाबली तर बाकीच्या रोगांचे काय?

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांतली काळजी रास्त आहे. ग्राही अंदाधुंद बनतात, हे वर आलेच. तेव्हा त्यांतले काही स्वतःच्याच प्रथिनांना जुळणार, हे ओघाने आले. म्हणून टी-पेशींची परीक्षा घेतली जाते. ती घेणारी थायमस ग्रंथी उरोस्थीच्या मागे असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे सार्थ नाव आहे, कारण वयात आल्यावर ती आटत जाते. तिचे कार्य जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून देईपर्यंत तिला निरुपयोगी समजत असत. या ग्रंथीतल्या काही पेशी इन्सुलिनसारखी, एरवी दुसऱ्याच अवयवात बनणारी प्रथिने थोडी थोडी बनवून शिकाऊ टी-पेशींना दाखवतात. जी पेशी स्वकीयाला घट्ट चिकटते ती बाद होते; जिला काहीच ओळखता येत नाही तीही बाद होते. शंभरातल्या जेमतेम पाच किंवा त्याहूनही कमी पेशी उत्तीर्ण होऊन बाहेर पडतात.

एवढी कडक परीक्षा असूनही काही चुकार पेशी निसटतातच, आणि त्या आपल्या सर्वांच्या शरीरात असतात. त्यांना आवरून धरण्यासाठी नियंत्रक टी-पेशी असतात. शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवून दिल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या संदर्भातले कळीचे जनुक शोधले, आणि या तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले. आमवातात ही आवर घालण्याची घडी विस्कटते. आनुवंशिक कल आणि धूम्रपानासारखी बाह्य कारणे यांचा त्यात वाटा असतो; बहिणीच्या हातून काही चुकले म्हणून हा रोग झाला, असे कृपया कोणी तिला ऐकवू नये.

औषधांविषयी सांगायचे तर त्यांचा हेतू यंत्रणा बंद पाडण्याचा नसून तिची धग कमी करण्याचा असतो. धोका असतोच, आणि तो माहीत असलेला आहे. उदाहरणार्थ, टीएनएफ या संदेशरेणूला अडवणारी औषधे सांध्यांची सूज झपाट्याने उतरवतात. पण फुप्फुसात वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीचे कुंपणही त्याच रेणूच्या जोरावर उभे असते. म्हणून ती औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. ती झाली आहे का, कोणत्या लशी आधी घ्यायच्या आणि कोणत्या जिवंत लशी आता टाळायच्या, हे प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. ताप आला तर वाट न पाहता कळवायला सांगा. आणि औषध मनानेच थांबवू देऊ नका. सांधा एकदा झिजला की तो औषधाने पूर्ववत होत नाही.

प्रश्न : लस घेऊन वर्ष झाले. प्रतिपिंडांची तपासणी करून घेतली, तर पातळी बरीच खाली आलेली. माझे संरक्षण संपले का?

उत्तर : आपण कोणत्या लशीविषयी लिहीत आहात ते पत्रात नाही, त्यामुळे सर्वसाधारण उत्तर देतो. रक्तात प्रामुख्याने आढळणारा प्रतिपिंड सुमारे तीन आठवड्यांत निम्मा होतो. तो टिकून दिसतो तो केवळ सतत नवा बनत राहतो म्हणून. लशीनंतर लगेच प्रतिपिंड ओतणाऱ्या पेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात मरतात, काही थोड्या अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे संथपणे काम करत राहतात. त्यामुळे सुरुवातीची उंच पातळी खाली येणे हे स्वाभाविक आहे. तसे झाले नसते, तर आजवरच्या प्रत्येक पडशाचे आणि प्रत्येक लशीचे प्रतिपिंड साठून रक्ताचा पाक झाला असता.

आपल्या अहवालात स्मृतिपेशी मोजलेल्या नाहीत, आणि टी-पेशीही नाहीत. कावीळ-बच्या लशीचा अनुभव इथे बोलका आहे : तिथे १० एकके ही संरक्षणाची पातळी मानतात, पण लस नीट लागू पडलेल्या निरोगी लोकांत पुढे पातळी त्याखाली घसरली तरी विषाणू आल्यावर स्मृतिपेशी जाग्या होतात आणि सहसा रोग होऊ देत नाहीत. ही स्मृती किती लांब पल्ल्याची असू शकते, याचा दाखला २००८ मध्ये मिळाला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत लहान असलेल्या आणि आता नव्वदी ओलांडलेल्या काही व्यक्तींचे रक्त तपासले गेले. त्यांच्यात त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी-पेशी अजून फिरत होत्या, आणि त्यांपासून तयार केलेल्या प्रतिपिंडांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना १९१८ च्याच विषाणूपासून वाचवले.

सगळ्याच लशींची आठवण इतकी दीर्घ नसते. धनुर्वाताची मात्रा ठरावीक वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, डांग्या खोकल्याविरुद्धचे संरक्षण त्याहून लवकर ओसरते. पुढची मात्रा कधी घ्यायची हे त्या त्या लशीच्या वेळापत्रकावरून ठरवा. अवयवरोपण झालेले रुग्ण किंवा रुग्णालयात काम करणारे यांच्यासारख्या काहींना डॉक्टर ही तपासणी मुद्दाम सांगतात. आपल्याला ती कोणी सांगितली नसेल, तर पुन्हा करून घेण्याची गरज नाही.